तुरट चवीचा देश

कच्चा चिकू चावल्यावर तोंडाचं काय होतं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जीभ टाळूला चिकटते, हिरड्या आवळतात, गाल आतून खरखरीत होतात. कोवळी सुपारी, हिरडा, नीट न पिकलेलं जांभूळ, सगळ्यांची जात एकच. या अनुभवाला आपल्याकडे घराघरांत बोलला जाणारा शब्द आहे, तुरट. आयुर्वेदानं तर त्याला 'कषाय' म्हणून सहा रसांच्या पंगतीत बसवलं आहे. इटलीच्या रेड वाइनकडे निघताना हा एक शब्द बरोबर असला तरी पुष्कळ झालं.

हे सुरुवातीलाच सांगतो, कारण वाइनवरच्या पुस्तकांनी आपल्या वाचकाला उगाच धाकात ठेवलं आहे. तिथलं वर्णन सुरू होतं ते चेरी, ब्लॅकबेरी आणि व्हायोलेटच्या फुलांपासून. यातलं निम्मं आपण झाडावर पाहिलेलं नसतं, मग वाटतं की हे आपल्याला कळणारच नाही. पण इटलीतल्या बहुतेक थोर रेड वाइन फळाच्या गोडव्यावर उभ्या नाहीत. आंबट आणि तुरट या दोन पायांवर त्या उभ्या आहेत, आणि या दोन्ही चवींत आपली जीभ लहानपणापासून तयार झालेली आहे.

काटेकोरपणे पाहिलं तर तुरटपणा हा स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बीत टॅनिन नावाची द्रव्यं असतात. रेड वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात, तेव्हा ती वाइनमध्ये उतरतात. तोंडात गेल्यावर ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचं वंगण जातं आणि जीभ, हिरड्या, गाल एकमेकांवर कोरडे घासू लागतात. आंबटपणा याच्या अगदी उलट वागतो. त्याच्यामुळे तोंडाला पाणी सुटतं. म्हणजे एकाच घोटात एक द्रव्य तोंड सुकवत असतं आणि दुसरं ते ओलं करत असतं. या दोघांतलं कोण किती जोरात आहे, हे ओळखता आलं की वाइन चाखण्यातलं अर्धं काम झालं.

ते ओळखण्याची रीत सोपी आहे. पेला एक तृतीयांशच भरा. मध्यम घोट घ्या, तो पाच-सहा सेकंद तोंडभर फिरवा आणि गिळा, किंवा थुंका. अनेक वाइन एका बैठकीत चाखणारी माणसं थुंकतातच, त्यात काही गैर मानत नाहीत. आता मान किंचित खाली करून थांबा. जिभेच्या दोन्ही कडांना किती लाळ सुटते आणि किती वेळ सुटत राहते, ते पाहा. तो आंबटपणा. मग जीभ वरच्या हिरडीवरून फिरवा. ती घसरते की अडकते? अडकत असेल तर कशावरून फिरल्यासारखी वाटते, मखमलीवरून, खादीवरून की काथ्यावरून? तो तुरटपणा आणि त्याचा पोत. फळांची नावं यानंतर आठवली तर आठवली.

हा सराव करायला इटलीत एक जागा जणू मुद्दाम घडवल्यासारखी आहे. वायव्य कोपऱ्यात, आल्प्सच्या कुशीत पिएमोंते हा प्रदेश आहे. नावाचा अर्थच 'डोंगराचा पायथा'. तिथल्या आल्बा या गावाभोवती लांगे नावाच्या टेकड्या आहेत आणि त्या टेकड्यांवर तीन लाल द्राक्षं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी लावली जातात. दक्षिणेकडे तोंड असलेला, बर्फ सगळ्यांत आधी वितळतो तो उतार नेब्बिओलोला, त्याच्या आजूबाजूचा बार्बेराला आणि उंचावरचा, थंड, उरलासुरला तुकडा दोल्चेत्तोला, कारण दोल्चेत्तो लवकर पिकते आणि फार लाड मागत नाही. तिन्हींची एकेक साधी बाटली आणा आणि चार मित्रांत एकाच संध्याकाळी उघडा. माझ्या मते वाइनचा यापेक्षा चांगला पहिला धडा जगात नाही.

दोल्चेत्तो या नावाचा अर्थ 'जराशी गोड'. पण वाइन मुळीच गोड नसते, द्राक्षाची साखर आंबवणीत संपलेली असते. रंग गडद जांभळा, आंबटपणा कमी, तुरटपणा मध्यम आणि घोटाच्या शेवटी कडू बदामाची एक बारीक रेघ. तिथले लोक रोजच्या जेवणाला घेतात ती ही. बार्बेरा दिसायला तितकीच गडद, पण तोंडात गेल्यावर तिची कैरी होते. दोन्ही कडांनी लाळ धावते, आणि हिरडीवरून जीभ फिरवावी तर जवळपास काहीच अडत नाही. आंबट भरपूर, तुरट नावाला. या दोघींनंतर नेब्बिओलोचा पेला उचला. रंग इतका फिका की पेल्याखालच्या कागदावरची अक्षरं वाचता येतील. नाकाला सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा, गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा वास. अशी नाजूक दिसणारी वाइन तोंडात घेतली की आंबट आणि तुरट दोन्ही एकदम, पुऱ्या ताकदीनं येतात. याला आपल्याकडचं उदाहरण एकच, आवळा. आवळाही आधी आंबट, मग तुरट लागतो आणि वर पाणी प्यायल्यावर गोड. नेब्बिओलोचाही शेवट असा गोडसर होतो, फक्त त्यासाठी काही वर्षं थांबावं लागतं.

या तीन पेल्यांनी आणखी एक गैरसमज कायमचा जातो. गडद रंग म्हणजे जड, 'दणकट' वाइन, असं आपण धरून चालतो. पण रंग देणारी द्रव्यं वेगळी आणि टॅनिन वेगळं. दोन्ही सालीतून येतात, तरी एकाचं दुसऱ्यावर काही अवलंबून नसतं. नेब्बिओलोच्या सालीत टिकाऊ रंग कमी आणि टॅनिन उदंड. काही वर्षांतच तिच्या कडेला विटेचा रंग चढतो, आणि न जाणणारा माणूस ती वाइन खराब झाली समजतो.

नेब्बिओलो हे नाव बहुधा 'नेब्बिआ' म्हणजे धुकं या शब्दावरून आलं. काहींच्या मते ते शरद ऋतूत लांगेच्या दऱ्यांत भरणारं धुकं, काहींच्या मते पिकलेल्या मण्यांवरचा पांढुरका थर. या वेलीला डोळे लवकर फुटतात आणि घड मात्र सगळ्यांत उशिरा, ऑक्टोबरात पिकतात. एवढा लांब हंगाम सोसणारी टेकडी प्रत्येक गावाला लाभत नाही. म्हणूनच हे द्राक्ष जगात इतरत्र फारसं रुजलेलं नाही. याच टेकड्यांतल्या ११ गावांच्या हद्दीत पिकलेल्या नेब्बिओलोची वाइन म्हणजे बारोलो. कापणीनंतर किमान ३८ महिने ती मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. 'रिझेर्व्हा' म्हणवून घ्यायचं तर ६२ महिने. शेजारच्या बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात.

या ११ गावांतही चव बदलते, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं. पश्चिमेकडचं ला मोर्रा घ्या. माती निळसर राखाडी, चुनखडीमिश्रित चिकणमाती, त्यातल्या त्यात सुपीक. तिथली बारोलो सुवासिक, लवकर मोकळी होणारी. दरीपलीकडे पूर्वेला सेर्रालुंगाची लांब टेकडी आहे, ला मोर्राच्या चौकात उभं राहिलं तर डोळ्यांनी दिसते. तिथला खडक आणखी जुना, वालुकाश्माचे थर असलेला, माती गरीब. सेर्रालुंगाची बारोलो तरुणपणी तोंड बंद करून बसते, तिचा तुरटपणा काथ्यासारखा खेचतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी तीच वाइन डांबर, चामडं, सुकी फुलं, ओली पानं असं काय काय उलगडत जाते. जुन्या बारोलोला जगभरचे जाणकार 'गुलाब आणि डांबर' या दोनच शब्दांत ओळखतात. नवा रस्ता होताना येणारा वास आपल्या ओळखीचा आहे, तो पहिल्यांदा वाइनमध्ये सापडला की अंगावर काटा येतो. २०१० पासून या भागातल्या एकेका टेकडीच्या, शिवाराच्या नावाला कायदेशीर मान्यता आहे. त्यामुळे कान्नुबी, ब्रुनाते अशी नावं लेबलावर दिसतात. सातबाऱ्यावरच्या गटाइतकीच ती नेमकी असतात.

आजची कोरडी बारोलो तशी फार जुनी नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथली वाइन अनेकदा अर्धवट गोड राहायची, कारण उशिरा कापणी झाल्यावर थंडी पडे आणि आंबवण मध्येच थांबे. ती शेवटपर्यंत आंबवून कोरडी, टिकाऊ करण्याचं श्रेय बारोलोची जहागीरदारीण जुलिया फाल्लेत्ती, ग्रिन्झाने गावाचा तेव्हाचा महापौर कामिल्लो काव्हूर आणि त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञांना दिलं जातं. यातला नेमका वाटा कोणाचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. काव्हूर हे नाव मात्र लक्षात ठेवा. १८६१ साली इटली एक देश झाला तेव्हा त्याचा पहिला पंतप्रधान तोच होता.

शंभरेक वर्षांनी याच टेकड्यांवर घराघरांत भांडणं लागली. जुन्या पद्धतीत साली रसात आठवडेच्या आठवडे भिजत ठेवायच्या आणि वाइन हजारो लिटरच्या प्रचंड, जुन्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायची. १९८०च्या सुमारास काही तरुण फ्रान्सच्या बर्गंडीत जाऊन आले आणि म्हणू लागले की आपल्या वाइन उगाच रुक्ष आहेत, पिंपं अस्वच्छ आहेत, वेलीवर घड जास्त ठेवले जातात. त्यांनी साली थोडेच दिवस भिजवल्या आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपं आणली. त्यांना 'बारीक' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द सहज लक्षात राहील, पिंप छोटंच असतं. एलिओ आल्तारे या तरुणानं वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीनं कापून काढली, आणि वडिलांनी त्याला वारसातून वगळलं. दुसऱ्या टोकाला बार्तोलो मास्कारेल्लो हा म्हातारा मरेपर्यंत मोठ्या पिंपांना धरून राहिला, आपल्या लेबलांवर हातानं चित्रं काढून छोट्या पिंपांचा निषेध करत राहिला. मला विचाराल तर मी मोठ्या पिंपांच्या बाजूचा. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास नेब्बिओलोचा गुलाब झाकतो. पण तरुणांनी लावलेली स्वच्छतेची आणि कमी घड ठेवण्याची शिस्त दोन्ही पक्षांनी उचलली, आणि आज तिथे वाईट बारोलो सापडणं अवघड झालं आहे, हेही तितकंच खरं.

काव्हूर १८६१च्या जूनमध्ये वारला. त्याच्या जागी पंतप्रधान झाला तोस्काना (टस्कनी) प्रदेशातला बेत्तिनो रिकासोली. योगायोग असा की क्यांतीच्या टेकड्यांतल्या ब्रोलिओ किल्ल्याचा मालक असलेला हाच माणूस क्यांती वाइनचा घडवणारा मानला जातो. नव्या राष्ट्राचे पहिले दोन्ही पंतप्रधान द्राक्षबागांचे मालक होते, आणि देशाच्या दोन सर्वांत प्रसिद्ध रेड वाइनशी त्यांची नावं जोडली गेली. रिकासोलीनं वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८७२च्या एका पत्रात निष्कर्ष मांडला: सान्जोवेसे हे मुख्य द्राक्ष, वास आणि जोम त्याचा. त्याचा कडकपणा मऊ करायला कानाइओलो. आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये पातळपणासाठी थोडं माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष. मुरवायच्या वाइनमध्ये हे शेवटचं घालू नये, असंही त्यानं सुचवलं होतं.

पुढे नेमकी तीच सूचना विसरली गेली. १९६७ साली क्यांतीचे नियम झाले तेव्हा लाल वाइनमध्ये १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं घालणं बंधनकारक ठरलं. पांढरी द्राक्षं स्वस्त होती, अमाप पिकत होती. गवताच्या वेष्टणातल्या गोल बाटल्यांतून फिकट, आंबट क्यांती जगभर गेली आणि नाव घालवून बसली. काही उत्पादकांनी नियमच सोडला. फ्लोरेन्सच्या आन्तिनोरी घराण्यानं १९७१ सालापासून तिन्यानेल्लो ही वाइन काढली, त्याआधी समुद्राकाठच्या बोल्गेरीत फ्रेंच द्राक्षांपासून सास्सिकाइया निघाली होती. दोन्हींवर कायद्यानं फक्त 'साधी टेबल वाइन' एवढंच लिहिता येत होतं, आणि किंमत मात्र भल्याभल्या क्यांतीपेक्षा जास्त. कायद्याला हे कोडं सोडवायला १९९२ साल उजाडलं. क्यांती क्लास्सिको या मूळच्या, मधल्या टापूत पांढऱ्या द्राक्षांवर पूर्ण बंदी आली ती २००६ साली. आज तिथे किमान ८० टक्के सान्जोवेसे लागते.

या मधल्या टापूची खूण म्हणजे बाटलीच्या गळ्यावरचा काळा कोंबडा. फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांनी हद्द ठरवायची म्हणून कोंबडा आरवताच आपापला घोडेस्वार सोडायचा असं ठरवलं, फ्लोरेन्सनं काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो रात्रीच आरवला, आणि फ्लोरेन्सचा स्वार जवळपास सिएनाच्या वेशीपर्यंत पोचला, अशी ती दंतकथा. इतिहास असा की १७१६ साली तोस्कानाचा तेव्हाचा शासक तिसरा कोझिमो दे मेदिची यानं हुकूम काढून क्यांतीसह चार वाइनप्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. कायद्यानं आखलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या वाइनसीमांत त्या मोजल्या जातात.

सान्जोवेसे जिभेला कशी लागते? लाळ तर सुटतेच, पण बार्बेरासारखी धावत नाही. तुरटपणा बारीक रवाळ, हिरडीवर पुसट खडूसारखा. वासाला आंबट चेरी म्हणतात. ज्यानं ती खाल्लेली नाही त्यानं भिजवलेलं आमसूल आठवावं, फार चुकणार नाही. त्याबरोबर सुकी पानं, ऊन खाल्लेली माती, कधी टोमॅटोच्या पानांचा हिरवा दर्प. हेच द्राक्ष दक्षिणेकडच्या, अधिक ऊबदार मोन्ताल्चिनोत गेलं की भरदार होतं. तिथली ब्रुनेल्लो शंभर टक्के सान्जोवेसेचीच लागते आणि कापणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी विकता येत नाही. ती घडवण्याचं श्रेय बिओंदी सान्ती घराण्याचं, आणि त्यांच्या १८८८ सालच्या बाटल्या आजही दंतकथेसारख्या बोलल्या जातात. ब्रुनेल्लो परवडत नसेल तर त्याच बागांची धाकटी बहीण रोस्सो दि मोन्ताल्चिनो घ्या. स्वभाव कळायला ती पुरेशी आहे.

आणि सान्जोवेसे चाखायला तोस्कानाच गाठायला हवं असंही नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली या कंपनीच्या बागांत सान्जोवेसे लावलेली आहे. 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊ. दिल्ली, अकलूज आणि इटली इथल्या भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती उभी केली, आणि वाइन घडवायला तोस्कानाचा पिएरो मासी आला. तोस्कानात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात घड उतरतात. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून तिला हंगाम लावून द्यावा लागतो, आणि मणी भरतात ते हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात. एकच द्राक्ष, दोन अगदी वेगळी वर्षं. क्यांती क्लास्सिको आणि अकलूजची सान्जोवेसे शेजारी ठेवून हिरडीवरून जीभ फिरवा. द्राक्ष किती बोलतं आणि जागा किती, याचं उत्तर तिथे मिळेल.

आता ईशान्येला, वेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्लात. तासगाव-सांगलीकडे बेदाण्याच्या शेडमध्ये रॅकवर पसरलेले घड ज्यांनी पाहिले असतील, त्यांना आमारोनेची कल्पना लगेच येईल. इथेही कोर्विना, कोर्विनोने, रोन्दिनेल्ला या द्राक्षांचे निवडक घड हवेशीर माळ्यांवर, पारंपरिक रीतीनं बांबूच्या ताटव्यांवर, सुकत ठेवतात. फरक वेळेचा. आपल्याकडे उन्हाळी हवेत दोन-तीन आठवड्यांत बेदाणा होतो. वेरोनात हिवाळ्याची थंड हवा तेच काम तीन-चार महिने करते, मणी पूर्ण सुकत नाहीत, वजनात तिसरा हिस्सा घटतो, साखर आणि टॅनिन दाट होतं. मग ते चिरडून आंबवतात. साखर उरवली की रेचोतो ही गोड वाइन होते, शेवटपर्यंत आंबवली की आमारोने. असं सांगतात की १९३६ साली नेग्रार गावच्या सहकारी वाइनरीत एक विसरलेलं रेचोतोचं पिंप निघालं, त्यातली सगळी साखर आंबून गेली होती, आणि चाखणाऱ्या तळघरप्रमुखानं ही 'आमारो' म्हणजे कडू नव्हे, 'आमारोने' आहे, असं कौतुकानं म्हटलं. अल्कोहोल १५-१६ टक्क्यांपर्यंत जातं. मनुका, खारीक, सुकं अंजीर, कोको, सगळं दाट. आमारोने नवख्याला लगेच आवडते, म्हणून तिची मागणीही अफाट. मला ती जेवणाबरोबर जड वाटते. जेवण संपल्यावर जुन्या, टणक चीजच्या तुकड्याबरोबर अर्धा पेला, तिची जागा ती.

लाम्ब्रुस्कोला मात्र जेवणाशिवाय अर्थ नाही. एमिलियातली ही फेसाळ लाल वाइन थंड करून, चरबीदार पदार्थांबरोबर घेतात. फेस आणि आंबटपणा मिळून तोंड धुऊन काढतात. गोड, स्वस्त लाम्ब्रुस्कोमुळे तिचं नाव बिघडलं. लेबलावर 'सेक्को' म्हणजे कोरडी असं पाहून घ्या.

मोन्तेपुल्चानो या नावापाशी सगळ्यांचाच घोळ होतो, तो इथेच मिटवू. तोस्कानात या नावाचं गाव आहे, तिथली व्हिनो नोबिले ही वाइन सान्जोवेसेची. आणि पूर्वेकडच्या आब्रुझ्झोत याच नावाचं द्राक्ष आहे. गडद, मऊ, सहज आवडणाऱ्या त्या वाइनचा गावाशी संबंध नाही. उंब्रियातल्या मोन्तेफाल्कोची साग्रांतिनो मात्र तुरटपणाची परिसीमा आहे. जगातल्या सर्वाधिक टॅनिन असलेल्या द्राक्षांत तिची गणना होते, आणि पूर्वी तिची गोडच वाइन करत, यात नवल नाही.

दक्षिण म्हणजे ऊन, ऊन म्हणजे मऊ गोडसर वाइन, हे समीकरण पुल्याच्या प्रिमितिवोपुरतं खरं आहे. कॅलिफोर्नियातली झिनफांडेल आणि ही एकच वेल, हे डीएनए तपासणीनं सिद्ध झालं आणि तिचं मूळ क्रोएशियात सापडलं. पण नेपल्सच्या मागच्या डोंगरांत गेलात की चित्र पालटतं. इर्पिनियाच्या थंड उंचीवर आल्यानिको हे द्राक्ष नोव्हेंबरपर्यंत वेलीवर राहतं. त्याची ताउराझी ही वाइन राख, काळी मिरी आणि लोखंडाची आठवण देणारी, आंबट-तुरट दोन्हींत नेब्बिओलोच्या तोडीची, आणि बारोलोच्या निम्म्या किमतीतही मिळू शकते. सगळ्या इटलीत आजही ज्या वाइनची किंमत तिच्या योग्यतेपेक्षा कमी आहे अशी एकच निवडायची तर मी हिचं नाव घेईन.

सिसिलीत एत्ना या जिवंत ज्वालामुखीच्या उतारावर तर बागा समुद्रसपाटीपासून जवळपास १,००० मीटरपर्यंत चढल्या आहेत. काळ्या लाव्ह्याच्या दगडांचे बांध, त्यांवर झुडपासारख्या खुरट्या वाढवलेल्या वेली. १९व्या शतकात फायलोक्सेरा या किडीनं युरोपभरच्या वेलींची मुळं खाल्ली, तेव्हापासून जवळजवळ सगळीकडे अमेरिकी मुळांवर कलम करावं लागतं. एत्नाच्या वाळूसारख्या ज्वालामुखी मातीत ती कीड नीट पसरू शकली नाही, म्हणून तिथे शंभरी ओलांडलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेली अजून आहेत. द्राक्ष नेरेल्लो मास्कालेसे, रंगानं नेब्बिओलोसारखंच फिकं, उशिरा पिकणारं. इथल्या शिवाराला 'कोन्त्रादा' म्हणतात, आपली वाडी म्हणा. प्रत्येक वाडी वेगळ्या काळातल्या लाव्ह्यावर वसलेली, आणि शेजारच्या वाडीची वाइनही वेगळी लागते. तिच्यात धूर शोधू नका, ज्वालामुखीचा वास वाइनला लागत नाही. उंचीवरच्या थंड रात्रींनी राखलेला आंबटपणा आणि घोटाच्या शेवटची खारट छटा शोधा.

बाटली निवडताना डीओसी आणि डीओसीजी ही अक्षरं दिसतील. पहिल्याचा कायदा १९६३चा, दुसऱ्याच्या पहिल्या वाइन १९८०च्या. वाइन कुठली, कोणत्या द्राक्षाची, किती मुरवलेली, एवढंच त्यावरून कळतं. चवीची हमी उत्पादकाच्या नावात असते. १९८६ साली पिएमोंतेतल्या काही भेसळखोरांनी स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल घातलं आणि वीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर चांगल्या उत्पादकांनी स्वतःच्या नावाची अब्रू पणाला लावून काम सुरू केलं, आणि आजची इटालियन वाइन त्या शरमेतून सावरून उभी राहिली आहे. म्हणून एखाद्या उत्पादकाची साधी वाइन आवडली तर त्याचीच वरची घ्या.

वाढताना तापमानाकडे लक्ष द्या. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी हा सल्ला जुन्या युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी होता, म्हणजे १६ ते १८ अंश. पुण्या-नाशकातल्या एप्रिलच्या खोलीत वाइन ठेवली तर अल्कोहोल नाकात भरतं आणि तुरटपणा बोथट, चिखलट लागतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा. दुसरी गोष्ट जेवणाची. मांस, चीज, तूप यांतली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला आपल्याकडे ओढून घेतात, आणि तोंड सुटतं. म्हणून ब्रुनेल्लोबरोबर भाजलेलं मांस आणि बारोलोबरोबर त्याच वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं मांस वाढतात. तिखटाचं उलट आहे. लाल मिरचीनं पेटलेल्या तोंडाला टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त टोचतात. तांबड्या रश्श्याबरोबर बारोलो उघडू नका, दोघांचाही अपमान होतो. जरा थंड केलेली बार्बेरा किंवा लाम्ब्रुस्को त्या ताटाला झेपेल.

शेवटी एक करा. जवळ एक वही ठेवा आणि चाखलेल्या प्रत्येक वाइनबद्दल तीन ओळी मराठीत लिहा: लाळ किती, हिरडी कशी, वास कशाचा. आमसूल, करवंद, गुलकंद, कात, गोणपाट, पहिला पाऊस, जे आठवेल ते. आणि नेब्बिओलोची बाटली एका बैठकीत संपवू नका. तळाशी एक-दोन पेले राखा, बूच परत लावा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखा. तरुण नेब्बिओलो अनेकदा दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते.